प्रणालीचं नेट का जात होतं

मी नेट दुरुस्त करतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी खिशातून मोबाइल काढतो आणि म्हणतो, "भाऊ, याले पाहा ना जरा, लय हँग मारून राह्यला." लग्नाच्या पंगतीत डॉक्टर दिसला की जीभ काढून दाखवणारे लोक असतात, त्यातलाच हा प्रकार. पूर्वी मी चिडायचो. आता मोबाइल हातात घेतो, बंद करून परत चालू करतो आणि देऊन टाकतो. बरेचसे तेवढ्यानंच सुधारतात. माणूस खूश, मीही मोकळा.

माझी सुरुवात टेलिफोनच्या तारेवर झाली. खांबावर चढायचं, तांब्याच्या तारेचा सुटलेला जोड शोधायचा, वरूनच एक घंटी वाजवून पाहायची आणि उतरायचं. सारी नोकरी वर्धा जिल्ह्यातच गेली. रिटायर झालो तेव्हा गावोगावचे टेलिफोन कधीच मुके झाले होते. ज्या खांबांवर उभं आयुष्य काढलं त्यांवर नुसत्या वेली चढलेल्या पाहून वाईट वाटायचं. घरी बसवेना. तेवढ्यात सेलूतल्या एका केबलवाल्यानं आसपासच्या खेड्यांत घरोघरी फायबरचं नेट द्यायला सुरुवात केली. त्याला खांबाला न भिणारा माणूस पाहिजे होता आणि मला घराबाहेर पडायला निमित्त. असा मी म्हातारपणी नव्या धंद्याला लागलो.

हा धंदा समजायला अवघड नाही. पूर्वी तारेतून वीज जायची, आता काचेच्या धाग्यातून उजेड जातो. धागा केसाएवढा, त्यावर काळं प्लास्टिकचं वेष्टण. सेलूच्या ऑफिसातून निघालेला उजेड शेता-नाल्यांवरून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत पोचला की नेट चालू. नाही पोचला तर डब्यावर लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे उजेड वाटेत कुठेतरी हरवला. तो कुठे हरवला ते शोधायचं, एवढंच माझं काम. हरवायला कारणं मात्र शंभर असतात. बोर अभयारण्याच्या जंगलाकडून येणाऱ्या वानरांना ही वायर झोका वाटते. एका आजोबांनी उन्हाळ्यात डबा फार तापतो म्हणून त्यावर ओलं फडकं टाकलं होतं आणि वर मलाच विचारलं, "तुमी लोकं याच्यासंग कूलर काऊन नाई देत?"

वायर तुटली तर आम्हाला आनंद होतो. तुटलेली वायर दिसते, जोडता येते. आम्ही भितो ते येत-जात राहणाऱ्या बिघाडाला. माणूस तक्रार करतो, आपण जातो, तर नेट झकास. आपण पाठ फिरवतो, तर बंद. टेलिफोनच्या दिवसांपासून आम्ही लाइनमन लोक त्याला 'लाजाळू फॉल्ट' म्हणत आलो आहोत. अशा एका लाजाळू फॉल्टची ही हकिकत आहे. तिनं माझा घाम काढला, पण माझ्या हातून झालेल्या कामांत मला सगळ्यात जास्त काही दिलं असेल तर त्या एका कामानं.

हिंगणीहून मेसेज आला होता. 'नेट बंद. काल बंद. रोज बंद. तुम्ही या. मी खोटी नाही.'

तक्रारी मी पुष्कळ वाचल्या आहेत. लोक शिव्या लिहितात, कनेक्शन तोडायची धमकी देतात. पण 'मी खोटी नाही' असं कोणी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. नाव होतं प्रणाली. मी लगेच फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. थोड्या वेळानं दुसरा मेसेज आला, 'मला ऐकू येत नाही. घरी या.'

घर गावाच्या शेवटच्या गल्लीत. नवा रंग दिलेलं, दारावर आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण. प्रणालीचे वडील गजाननभाऊ अंगणातच भेटले. शेतकरी माणूस, अंगानं सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांनी मला मधल्या खोलीत नेलं. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या बाजूला एक छोटा टेबल, आणि टेबलावर दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. मागच्या भिंतीशी एक मोठी लोखंडी अलमारी. प्रणाली मशीनवर ब्लाउज शिवत होती. मी आत आल्याचं तिला कळलं नाही. वडिलांनी खांद्याला हात लावला तेव्हा ती वळली, मला पाहिलं आणि झटकन उठून नेटच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्यावरचा दिवा हिरवागार होता.

मी डब्यातून वायर काढली, उजेड मोजायचं यंत्र लावलं. उजेड उत्तम. मी अंगठा वर करून 'सगळं ठीक' अशी खूण केली. तिचा चेहरा पडला. तिनं दोन्ही हातांनी जोरात 'नाही' केलं. गजाननभाऊ म्हणाले, "आता चालू हाय जी. पन संध्याकाळी पोट्टी बोलाले बसली का जाते."

"कोणाशी बोलते?" असं तोंडून निघून गेलं, आणि ऐकू न येणाऱ्या मुलीबद्दल आपण काय विचारलं म्हणून मी ओशाळलो.

गजाननभाऊंना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, "हातानं बोलते ना. पावन्यासंग."

पावना म्हणजे होणारा जावई. तेव्हा सगळं समजलं. प्रणालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला होता. मुलगा अक्षय, आर्वीचा, पुण्याकडे कारखान्यात नोकरीला. त्यालाही ऐकू येत नाही. दोघं नागपूरच्या निवासी शाळेत वेगवेगळ्या वर्गांत होती, ओळख शाळेच्या मित्रमंडळीतून झाली आणि दोन्ही घरच्यांनी मनापासून होकार दिला. अक्षयची ड्यूटी सुटली की संध्याकाळी दोघं व्हिडिओवर बोलायची. तुम्हा-आम्हाला नेट गेलं तर आपण अंगणात जाऊन साधा फोन लावतो. त्यांना साध्या फोनचा काय उपयोग? आणि त्या गल्लीत मोबाइलची रेंज म्हणजे घराच्या भिंती पाहूनच परत फिरणारी. त्यांचं बोलणं फक्त त्या काचेच्या धाग्यावर अवलंबून होतं.

प्रणालीची आई शोभाताई चहा घेऊन आल्या. ठेंगण्याशा, चेहऱ्यावर कायम थोडं हसू. म्हणाल्या, "भाऊ, चांगलं पाहून द्या. चित्र जागच्या जागी थांबते. पोरीचा हात वरच राहून जाते."

मी डब्याचा अॅडाप्टर बदलला आणि निघालो.

दोन दिवसांनी परत मेसेज. या वेळी मी डबाच बदलला. परत मेसेज. मग खांबापासून घराच्या भिंतीपर्यंतची सगळी वायर नवी ओढली, चौकातल्या पेटीतले जोड उघडून पुसले. खोलीत उजेड आधीपासून चांगला येत होता, म्हणून भिंतीच्या आतली वायर तेवढी तशीच ठेवली. घरच्यांना विचारलं, एवढ्यात घरात काही बदललं का? काही नाही, म्हणाले. सेलूत आमचा मालक कुरकुरू लागला, "देवरावभाऊ, तुमी त्या हिंगणीच्या घरातच राहाले जा आता."

तिसऱ्या फेरीला गजाननभाऊ मला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, एक गोष्ट सांगू का? आर्वीवाल्या इहीनबाईंचा, अक्षयच्या मायचा, फोन आलता. म्हनून राह्यल्या का तुमची पोरगी जानून फोन कापते. साक्षगंधाच्या आधी बराबर बोले, आता मदातच बंद करते. तिच्या मनात नसन तं आत्ताच सांगा."

"अहो, पण नेट जातंय हे सांगा की त्यांना."

"सांगतलं. त्या म्हनतात, सगळ्या गावाचं नेट चालते, तुमचंच कसं जाते? अन् ते बी आमच्या पोराच्याच टाइमाले?" मग तेच म्हणाले, "त्यांचं बी चुकत नाई जी. त्या पोराचं आधी एक जमलं होतं. त्या पोरीनं असंच बोलनं कमी कमी करत नेलं अन् मंग नाई म्हनलं. पोरगा लय दिवस जेवला नाई म्हनतात. आता त्या रविवारी येऊन राह्यल्या, काय ते एकदा बोलून घेऊ म्हनून."

'मी खोटी नाही' याचा अर्थ मला तेव्हा लागला.

मी ठरवलं की आता संध्याकाळीच जाऊन बसायचं, प्रत्यक्ष बोलणं चालू असताना. दुसऱ्या दिवशी गेलो. शोभाताईंनी स्वयंपाकघरात पोह्यांची तयारी मांडली. प्रणालीनं खिडकी सताड उघडली. बोलायला बसताना तोंड खिडकीकडे करायचं, म्हणजे हातांवर उजेड पडतो, हे मला तेव्हा कळलं. मोबाइलवर अक्षयचा चेहरा आला. उंच, हसरा मुलगा, एका भुवईतून आरपार जखमेची खूण. त्यानं मला नमस्कार केला.

मग दोघं बोलू लागली, आणि मी यंत्र हातात धरून पाहतच राहिलो. मी जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली, पण असं बोलणं पाहिलं नव्हतं. हात तर होतेच, पण भुवया, ओठ, खांदे, सगळं बोलत होतं. प्रणालीनं काहीतरी सांगितलं, अक्षय हसत हसत खुर्चीवरून मागे गेला. त्यानं उलट काही म्हटलं, तिनं हवेतच त्याला चापट मारली. मला एक अक्षर समजत नव्हतं. पण कोण चिडवतंय आणि कोण लटकं रागावतंय हे न समजायला मी काही दगड नव्हतो.

नेट एकदाही गेलं नाही. पोहे आले, चहा आला. शोभाताई मध्येच विचारून गेल्या, "भाऊ, पोह्यात मिरची जास्त तं नाई झाली?" दोघांचं बोलणं पोटभर झालं. हिरवा दिवा हलला नाही. मी निरोप घेतला, मनात म्हटलं, शेवटी वायर बदलल्याचाच गुण.

गाव संपून सडकेला लागतो न लागतो तोच खिशात मोबाइल थरथरला. 'तुम्ही गेले. परत कॉल केला. बंद झालं.'

सडकेच्या कडेला गाडी लावून मी तसाच बसून राहिलो. खांबावरून पडलेलो आहे, मधमाश्यांनी फोडून काढलेलं आहे, पण इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. शनिवार एक दिवसावर आला होता आणि रविवारी आर्वीची माणसं येणार होती. माझ्या यंत्रात सगळं ठीक होतं आणि एक मुलगी खोटी ठरत होती.

शनिवारी मी न बोलावता गेलो. प्रणाली माझ्यावर रागावलेली होती आणि तिनं ते लपवलं नाही. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला आणि एकेक फोटो सरकवू लागली. ते अक्षयनं पाठवले होते, हे तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं. चित्र थांबलं की त्याच्या पडद्यावर तिचा थांबलेला चेहरा तसाच राहायचा. बिचारा तो फोटो काढून ठेवायचा. सुरुवातीला गंमत म्हणून, कारण कशात तिचा डोळा अर्धा मिटलेला, कशात तोंड वाकडं. नंतर काळजीनं. आता आईला दाखवायला, की ही मुलगी बोलता बोलता थांबली आहे, तिनं फोन कापलेला नाही. बघा, असं प्रणालीनं फोटोवर बोट आपटून मला सांगितलं. एका फोटोत तिचा हात गालाजवळ होता, एकात दोन्ही हात छातीपुढे. वाक्य अर्धंच राहिलेलं.

मी फोटो पाहत होतो ते खरं तर तिचा राग निवावा म्हणून. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग तिनं परत पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली, आणि माझी नजर तिच्यावरून मागे गेली.

मागे अलमारी होती. तिचं दार उघडं होतं.

पुढचा फोटो. दार उघडं. त्याच्या पुढचा. दार उघडं, आणि दाराच्या कडेला हिरव्या पातळाचा पदर. आणखी एकात पदर जांभळा, आणि दाराआडून डोकावणारा अर्धा चेहरा. शोभाताईंचा.

मी वळून अलमारीकडे पाहिलं. दार बंद होतं. भिंतीच्या भोकातून आत आलेली वायर त्या अलमारीच्याच मागे जात होती.

मी शोभाताईंना हाक मारली आणि विचारलं, "ताई, ही अलमारी आधीपासून इथंच आहे?"

"नाई. तिकडल्या भिंतीले होती. साक्षगंधाच्या टाइमाले घराले रंग देला, तवा इकडं सरकवली."

"आणि प्रणाली बोलत असते तेव्हा तुम्ही ही उघडता?"

त्या एकदम गोंधळल्या. पदर सारखा केला. "मी कायले उघडू? मले काय दुसरं काम नाई का?"

गजाननभाऊ दारात उभे होते. मी त्यांना काही न बोलता फोटो दाखवला. त्यांनी पाहिला, बायकोकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसले. म्हणाले, "उघड ना मंग एकदा."

शोभाताईंनी अलमारीच्या मुठीला हात घातला आणि दार ओढलं. जुनी, जड अलमारी. फरशी एका बाजूनं खचलेली. दार बाहेर येताच सगळी अलमारी बोटभर पुढे झुकली. डब्यावरचा हिरवा दिवा गेला आणि लाल दिवा लुकलुकू लागला.

"बंद करा," मी म्हटलं. त्यांनी दार लावलं. अलमारी मागे टेकली. थोड्या वेळात दिवा हिरवा.

"उघडा." लाल.

प्रणालीला आवाज ऐकू येत नव्हता, पण दिवा दिसत होता. तिनं स्वतः जाऊन दार उघडलं, लावलं, परत उघडलं. आणि मग कपाळावर हात मारून ती मटकन जमिनीवर बसली. हसत होती की रडत होती ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

अलमारी पुढे ओढून पाहिलं. वायरीचा एक फेरा तिच्या मागच्या धारदार कोपऱ्याला अडकला होता. दार बंद असलं की फेरा सैल आणि उजेड सुखानं जायचा. दार उघडलं, अलमारी झुकली, की तोच फेरा कोपऱ्यावर ताणला जाऊन काटकोनात वाकायचा. काचेचा धागा तुटत नाही, पण इतक्या वाकणावर उजेड आत टिकत नाही. आणि मी घरात असलो की शोभाताई चहा-पोह्यांत असायच्या, त्यामुळे अलमारीला हात लागत नव्हता. इतक्या फेऱ्यांत मी सगळं तपासलं, पण माझ्यासाठी पोहे करणारी बाई एरवी त्या वेळी कुठे असते हे विचारायचं कसं सुचणार?

पण खरी गोष्ट अजून राहिलीच होती. प्रणालीनं आईला हातानं विचारलं. ती खूण कळायला भाषा येण्याची गरज नव्हती. ती विचारत होती, का?

शोभाताई मुलीऐवजी माझ्याकडे पाहून बोलू लागल्या.

"लहान होती तवा आमच्या घरच्याच खुना होत्या, भाऊ. पानी, जेवन, झोप, आंघोळ. तेवढ्यात आमचं भागे. मंग नागपूरले शाळेत गेली. सुट्टीत आली का हात भराभरा चालत तिचे. मले समजेच नाई. मी म्हनो, जाऊ दे, पोरगी शिकली ना. आता हे दोघं बोलतात तं ती अशी हासते... माह्यासंग तशी कधी हासली नाई जी. मले वाटे, काय बोलत असतीन? समोर जाऊन बसाव तं पोरीले लाज वाटन. म्हनून अलमारीत कपडे लावाचं निमित्त करतो अन् दाराच्या मांगून पाह्यतो. बोलता नाई येत मले. पाह्यता तं येते."

प्रणाली आईच्या ओठांकडे पाहत होती, तिला किती कळलं कोण जाणे. तिनं वडिलांकडे पाहिलं. गजाननभाऊंनी बायकोकडे बोट केलं, मग स्वतःच्या दोन डोळ्यांकडे, मग मुलीकडे, आणि शेवटी छातीवर हात ठेवला. एवढंच. प्रणाली उठली. आईचा हात धरून तिला टेबलाशी आणलं, शिलाई मशीनचा स्टूल ओढला, बसवलं आणि अक्षयला कॉल लावला.

त्याची त्या दिवशी सुटी असावी. पडद्यावर आला तर समोर सासूबाई. दोघं एकमेकांसमोर अवघडून बसलेली. मग शोभाताईंनी त्यांना येत होती त्या तुटपुंज्या खुणांतली एक काढली. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि मान थोडी तिरपी केली. जेवलास का?

अक्षयनं तीच खूण उलट केली आणि पोट फुगवून त्यावर थाप मारली. शोभाताई हसल्या. मुलगी हसते तशाच, मान मागे टाकून.

मी तोपर्यंत वायर अलमारीपासून पार दूर, छताच्या कडेनं नेऊन पक्की ठोकत होतो. ठोकताना काही खिळे वाकडे गेले. उजेडाचा दोष नव्हता.

काम झालं होतं, पण रविवार राहिला होता. गजाननभाऊ म्हणाले, "भाऊ, उद्या येजा. आमच्या तोंडून सांगतलं तं त्याईले पटन नाई. अलमारीनं नेट गेलं म्हनजे काय, हासतीन लोकं."

मी गेलो. अक्षयची आई, आर्वीच्या सुलोचनाबाई, ताठ बसल्या होत्या, सोबत त्यांचे भाऊ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमी या घरचं मीठ खाल्लेलं दिसते."

मी रागावलो नाही. पोराला जेवण टाकताना पाहिलेली आई होती ती. मी पिशवीतून फायबरचा वेष्टण काढलेला तुकडा घेतला, आणि आमच्याकडे लाल उजेडाचा एक पेन असतो तो त्याच्या एका टोकाला लावला. दुसऱ्या टोकाला लाल ठिपका पेटला. तुकडा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाई, आता याला बोटाभोवती गुंडाळा."

त्यांनी सावकाश गुंडाळला. टोकावरचा ठिपका विझला. आणि जिथं वाकवला होता तिथं, त्यांच्या बोटाच्या कडेला, लाल उजेड बाहेर सांडू लागला. त्यांनी फेरा सैल केला. ठिपका परत पेटला. परत गुंडाळलं. परत विझला. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुटलं नाई ना हे?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. तुटलेलं नव्हतंच. फक्त वाकलं होतं."

त्यांनी तुकडा माझ्याकडे परत दिला, उठल्या आणि आत प्रणालीकडे गेल्या. दाराआड काय झालं ते मी पाहिलं नाही. मी पेन पिशवीत ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर त्या घरी माझी तक्रारीसाठी फेरी पडली नाही. पण मी जात राहिलो. हिंगणीत काम निघालं की चक्कर मारायचीच. शोभाताईंची आता रोज संध्याकाळी शिकवणी चालायची. एका बाजूनं मुलगी, पडद्यावरून जावई, दोघं शिकवणारे आणि ही एकटी विद्यार्थिनी. बोटं चुकायची, दोघं पोट धरून हसायची, शोभाताई रागावून उठायच्या आणि दोन मिनिटांत परत येऊन बसायच्या. मीही बाजूला बसून चार खुणा शिकलो. माझी बोटं हातोडी-पकडीला सरावलेली. प्रणाली हातात धरून एकेक बोट सरळ करून द्यायची. एक हळहळ आहे. ही भाषा माझ्या तरुणपणीही जिल्ह्यात होतीच, तेव्हा शिकलो असतो तर केवढी माणसं भेटली असती.

पण तक्रार तरी कशाची करू? टेलिफोन बंद पडले तेव्हा मला वाटलं होतं की लोकांची बोलणी जोडायचं माझं काम संपलं. ते संपलं नव्हतं. ज्यांना टेलिफोननं कधीच काही दिलं नाही त्यांच्यापर्यंत पोचायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते माझ्या हयातीत, माझ्या हातून झालं. एवढं ज्याला मिळालं त्यानं गुडघेदुखीबद्दल बोलू नये.

लग्न आर्वीला झालं. बँडवाले होते, फटाके होते, पण मांडवाच्या एका कोपऱ्यात अगदी वेगळीच गडबड चालली होती. नागपूरहून, पुण्याहून आलेली पंचवीस-तीस मुलं-मुली, सगळे अक्षय-प्रणालीचे मित्र, सगळ्यांचे हात एकाच वेळी चाललेले. मी जेवणाकडे निघालो होतो, तेवढ्यात त्यांतल्या एका मुलानं मला पाहिलं. त्यानं शेजारच्याला ढोसलं. मग माझ्याकडे पाहून एका बोटानं, डोळ्यांवरची नसलेली काहीतरी वस्तू वर कपाळावर सरकवल्यासारखं केलं. शेजारच्या मुलीनंही तसंच केलं. बघता बघता सगळा घोळका माझ्याकडे वळून तेच करू लागला, आणि मग सगळ्यांनी हात जोडले.

मला वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलं आहे. मी चेहरा पुसला. चष्मा कपाळावर होता, बारीक काम झालं की मी तो तिथंच ढकलून विसरतो. तो घाईनं खाली घेतला. सगळे हसायला लागले.

शोभाताई लगबगीनं जवळ आल्या. नवं कोरं पातळ, हातभर बांगड्या. त्यांनी आधी त्या मुलांना हातानं काहीतरी सांगितलं, चांगलं भरभर, आणि मुलांनी माना डोलावल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"घाबरू नका जी. यांच्यात एकेक अक्षर बोलून नाव नाई घेत. ज्याची त्याची एक खून ठरवून देतात. सगळ्याइले नाई भेटत. यांच्यातल्याच कोनी देली तरच." त्यांनी आपलं बोट डोळ्यापासून कपाळापर्यंत नेलं. "प्रणालीनं देली तुमाले. ते तुमचं नाव हाय, भाऊ."